ओळखीचं कुणी?

५ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने तू ऐकत नाहीस. शिवाय तुझा फोन मधल्या खोलीत. तिथे तुझ्या वन्सं पेपर वाचत बसलेल्या असणार आणि तू ओरडून विचारणार, "काय? नवऱ्याचं काय म्हणालीस?" वन्सं काही बोलणार नाहीत, पण पेपरचं पान उलटायचं थांबवतील. त्यापेक्षा पत्र बरं.

तर आम्ही परदेशी चाललोय. हसू नकोस. मार्चच्या मधल्या आठवड्यात, पाच दिवस, समुद्रकाठी. हे ह्यांनीच ठरवलं. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने "घरासारखं सुख नाही" म्हणत मला कधी शेजारच्या गावीसुद्धा फिरायला नेलं नाही, त्याने एका संध्याकाळी चहा पिता पिता सांगितलं, "तिकिटं काढलीत." मला वाटलं नाटकाची.

कारण विचारलं तर म्हणाले, "तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही." आता मला सांग, व्हिसा लागत नाही हे काय जायचं कारण झालं? व्हिसा स्वयंपाकघरात जायलाही लागत नाही, तिथे कधी गेलेले मी पाहिले नाहीत.

आणि व्हिसा नाही म्हणून निवांत असावं, तर तेही नाही. म्हणतात, "दार उघडं असलं तरी दारात माणूस उभा असतो. त्याला आपली उत्तरं पटली नाहीत तर आल्या विमानाने परत." म्हणून रोज जेवण झाल्यावर आमची तालीम चालते. हे टेबलाच्या पलीकडे चष्मा नाकावर घेऊन अधिकारी होतात आणि मी पासपोर्ट घेऊन उभी राहते. "कशासाठी आलात?" फिरायला. "किती दिवस?" पाच. "उतरणार कुठे?" हे बघा हॉटेलचं बुकिंग. "परतीचं तिकीट?" हे बघा. "काम करता?" शाळेच्या ऑफिसात. काल मी म्हटलं, साहेब, भांडी घासायची राहिलीत, तर हसले नाहीत.

अक्का, बावीस वर्षं मी शाळेत बसून पोरांच्या आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या पकडतेय. पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या पोराचा चेहरा कसा असतो ते मला ठाऊक आहे. सध्या तो चेहरा माझ्या घरात एक्सरे डिपार्टमेंटमधून संध्याकाळी परत येतो. दिवसभर लोकांच्या आतलं बघणारा माणूस. त्याच्या आत काय चाललंय ते मात्र मला दिसत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय. तुला काय वाटतं?

तुझी,
बेबी


१० फेब्रुवारी

बेबी,

मला काय वाटतं ते विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर मी कुणाच्या संसारात नाक खुपसत नाही.

पुरुष माणूस आपणहून बॅग भरायला लागला की बाईने जागं व्हावं. आपल्या घरात हे एकदा होऊन गेलंय. टिल्लूने बॅग भरली तेव्हा मीच त्याचे शर्ट इस्त्री करून दिले होते. "मित्राकडे जाऊन दोन दिवसांत येतो, अक्का." लग्नाला आठवडा उरला होता, आणि लग्न कुणाशी, तर माझ्या सख्ख्या नणंदेशी. तो जो गेला तो गेलाच. सगळे म्हणाले, तुझा भाऊ. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या. वन्सं एक अक्षर बोलल्या नाहीत, आजतागायत नाहीत, आणि त्या न बोलण्याखाली मी वीस-बावीस वर्षं सुईत दोरा ओवतेय. सकाळी क्लिनिकच्या रिसेप्शनवर जातात, संध्याकाळी येतात, माझ्या हातचं निमूट जेवतात. एखादीने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा दुधाने तोंड पोळलेल्या माझ्यासारखीला विचारशील तर ताक फुंकूनच पी म्हणेन. मेहुणे टिल्लूचेच जिवलग मित्र होते हे विसरू नकोस. तुझं स्थळ त्यानेच आणलं. एका माळेचे मणी.

आता नीट ऐक. फोन कुणाला करतात ते बघ. कपडे नवीन घेतलेत का? केसांना रंग? हॉटेल कुठे आहे, तिथे खरंच समुद्र आहे का, हे स्वतः ट्रॅव्हलवाल्याला विचार. आणि मुख्य म्हणजे बॅगेच्या तळाशी हात घाल. कुणाचं पाकीट, कुणाची भेटवस्तू नेत असतील तर साफ नाही म्हण. दुसऱ्याचं सामान नेणारे तिकडे कसे अडकतात ते मी टीव्हीवर बघते. साठीला आलेला साधा माणूस म्हणजे असल्या लोकांना पर्वणीच.

माझ्याकडे झिपा बदलायला इतक्या बॅगा येतात, बायका सांगतात, "अहो, हे चोरकप्पाही शिवून द्या." कुणाला लागतो गं चोरकप्पा? ज्याला चोरायचंय त्याला.

शोध घे, पण तोंडाने काही बोलू नकोस.

अक्का


१७ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

तू म्हणालीस तसं सगळं केलं, आणि आता मला जेवण जात नाहीये.

फोन. गच्चीवर जाऊन करतात. मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागे गेले तर "बरं बरं, ठेवतो" म्हणून बंद. कुणाचा होता? "हॉस्पिटलचा." अक्का, हॉस्पिटलशी बोलताना माणसाचा आवाज असा हळवा होत नाही.

केस रंगवलेले नाहीत. रंगवण्याइतके उरलेही नाहीत.

हॉटेल. ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. पहिले तीन दिवस समुद्रकाठी, तिथे सगळे टुरिस्ट राहतात. पण शेवटचे दोन दिवस कुठल्याशा बंदराच्या गावात. ट्रॅव्हलवाला म्हणाला, "काकू, तिथून नुसत्या बोटी सुटतात, बघायला काही नाही. मी काकांना सांगितलं, पण त्यांनी हट्टच धरला."

आणि आता ऐक. मी त्याला सहज विचारलं, तिथे दारात काय काय विचारतात? त्याने धडाधड प्रश्न सांगितले. सगळे आमच्या तालमीतले, एक सोडून. "आणि हमखास विचारतात, इथे तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" हा प्रश्न ह्यांनी मला एकदाही विचारलेला नाही! घरी आल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "काहो, ओळखीचं कुणी आहे का असं विचारलं तर काय सांगू?" हे पाणी पीत होते. ठसका लागला. मग म्हणाले, "तसलं काही विचारत नाहीत." आणि उठून गेले. कान लाल झाले होते. खोटं बोलताना ह्यांचे कान लाल होतात हे ह्यांना अजून माहीत नाही, म्हणून तर इतकी वर्षं संसार सुरळीत चाललाय.

राहिली बॅग. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चामड्याच्या चपला निघाल्या. नव्या कोऱ्या, पुरुषाच्या, दहा नंबरच्या. ह्यांचा पाय सात. बाई असेल हा संशय त्यामुळे थोडा मागे पडला; दहा नंबरची चप्पल घालणारी बाई असेल तर मला तिला एकदा बघायचंच आहे. पण मग कुणासाठी? तळव्यात काही भरलंय का म्हणून वाकवून पाहिल्या, वास घेतला. चामड्याचाच आला. तरी काय सांगावं?

मी जायला नकार देऊ का? मला खरंच भीती वाटते. परक्या मुलखात एका खोलीत बसवून ठेवलं तर मी काय करणार?

लगेच उत्तर पाठव.

बेबी


४ मार्च

प्रिय बेबी,

उत्तराला उशीर झाला. शिवणाची कामं फार होती.

तू उगाच मनाला लावून घेतेस. मेहुणे भला माणूस आहे. इतक्या वर्षांत ते तुला एक वाकडा शब्द बोललेले नाहीत. नवरा हौसेने फिरायला नेतोय तर बाईने आनंदाने जावं. चपला काय, कुणी मित्राने मागवल्या असतील. मी मागच्या पत्रात काहीबाही लिहिलं ते मनावर घेऊ नकोस, माझं डोकं त्या दिवशी दुखत होतं.

हवा चांगली आहे. तब्येतीला जप.

तुझी,
अक्का


८ मार्च

अक्का,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे तू लिहिलेलं नाहीस. म्हणजे अक्षर तुझंच आहे, पण हात कुणीतरी धरला होता.

"हवा चांगली आहे"? तू कधीपासून हवेबद्दल लिहायला लागलीस? आणि तुझं डोकं दुखतं तेव्हा तू जास्त बोलतेस. "मेहुणे भला माणूस आहे"! माझ्या बारशाच्या जेवणापासून आतापर्यंत तू कुठल्या पुरुषाला भला म्हणाल्याचं मला आठवत नाही. बाबांनासुद्धा "तसे बरे होते" एवढंच म्हणतेस.

मी शाळेत काय करते ते तुला ठाऊक आहे. ऐक आता. गेल्या रविवारी हे "कुणाच्या तरी निवृत्तीच्या कार्यक्रमाला" म्हणून दिवसभर बाहेर होते. तपकिरी पँट घालून गेले होते, ती पायात लोळणारी, जी मी दोन वर्षं "आखूड करून घ्या" म्हणून सांगतेय. आले तेव्हा ती घोट्याशी नीट बसत होती! धुवायला टाकताना उलटी करून पाहिली. आतून काळ्या दोऱ्याची तिरकी टीप, शेवटी दोनदा गाठ. अशी गाठ जगात एकच बाई मारते. तुला काय वाटलं, मला तुझी टीप ओळखू येणार नाही? तुझ्या दारात माणूस लोळती पँट घालून आला आणि तुला राहवलं नाही, होय ना?

ते तुझ्याकडे आले होते. तुला काहीतरी सांगून गेले. आणि आता तुम्ही दोघं मिळून मला गोड गोड बोलताय.

काय आहे ते? ह्यांना काही दुखणं आहे का? एक्सरेत काही निघालं का त्यांच्या? शेवटचं म्हणून फिरायला नेतायत का? मी काल त्यांच्या छातीला कान लावून ऐकलं, ते झोपेत म्हणाले, "परतीचं तिकीट आहे."

नवऱ्यावरचा संशय मी सोसला असता, अक्का. तुझ्यावर घ्यायची सवय नाही गं मला.

बेबी


११ मार्च

बेबी,

ते ठणठणीत आहेत. तुझ्या गळ्याची शपथ.

आले होते. तुझ्या पिशवीतलं माझं पत्र त्यांच्या हाती लागलं, आणि तू चपलांचा वास घेतेयस हे बघून घाबरून माझ्याकडे आले. जे सांगितलं ते ऐकून मी आधी त्यांना दाराबाहेर काढलं. मग परत आत बोलावलं. पँट मध्ये कधी घेतली ते माझं मलाच आठवत नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं.

मी शब्द दिलाय, त्यामुळे पुढचं विचारू नकोस. तू जावंस की नाही हे मला विचारलं असतंस तर पंधरा दिवसांपूर्वी मी नको म्हटलं असतं. आजही छातीवर हात ठेवून हो म्हणवत नाही. पण जा.

काउंटरवर जे विचारतील त्याचं तुला ठाऊक असेल तेवढं खरं उत्तर दे. आणि परत आल्यावर माझ्याशी भांड. आत्ता नको.

अक्का


२१ मार्च

अक्का,

इथूनच लिहितेय. बंदराच्या गावातली खोली आहे, खिडकीखाली बोटी लागतात, आणि हे खाली कुणाबरोबर गप्पा मारत बसलेत ते तुला ठाऊकच आहे. भांडण तिकडे आल्यावर. आत्ता फक्त झालं तसं सांगते, कारण तुला ते माझ्याच तोंडून कळायला हवं.

विमानातून उतरलो. लांबलचक हॉल, दोऱ्या बांधून केलेल्या रांगा, आणि सगळे आपापल्या पासपोर्टात तोंड घालून उभे. ह्यांचा चेहरा पांढरा. मी म्हटलं, "एवढं काय, रोज टेबलावर पास होतेय मी." आमचा नंबर आला तेव्हा शेजारशेजारची दोन काउंटर एकदम मोकळी झाली. मला डावीकडे पाठवलं, ह्यांना उजवीकडे.

माझ्यासमोर एक बाई होती, केस घट्ट बांधलेली, आपल्या गणिताच्या बाईंसारखी. तिने तोंड उघडायच्या आत मी पाठ केलेलं इंग्रजी म्हणून टाकलं: फिरायला, पाच दिवस, हे हॉटेल, हे परतीचं तिकीट, शाळेच्या ऑफिसात. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. न विचारता उत्तरं देणारं पोर मी तरी कधी सोडलंय? मग तिने शांतपणे विचारलं, "इथे तुमच्या ओळखीचं कुणी आहे?"

मी म्हटलं, "नाही."

आणि त्याच वेळी शेजारच्या काउंटरवरून ह्यांचा आवाज आला, "आहे."

दोन्ही अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अक्का, मला वाटलं धरणी दुभंगावी. पुढच्या क्षणी आम्हाला बाजूला घेतलं, बॅगा वेगळ्या, ह्यांना एका खोलीत, मला दुसऱ्या. तू टीव्हीवर बघतेस तशीच खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर काही नाही. काचेतून दिसत होतं, दुसऱ्या टेबलावर एक माणूस हातमोजे घालून त्या चपला वाकवून बघत होता. मी केलं तसंच. वासही घेतला त्याने.

मी मनाशी म्हटलं, संपलं. ह्यांनी कुणाचं तरी काहीतरी आणलंय आणि अक्काला ते ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मी तुम्हा दोघांना नको नको ते बोलले मनात.

मग ती बाई आत आली, समोर बसली आणि म्हणाली, "तुमचे पती सांगतात, तुम्ही तुमच्या भावाला भेटायला आलात. तुम्ही म्हणता, ओळखीचं कुणी नाही. तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "मला भाऊ नाही."

अगं, पटकन म्हटलं. इतकी वर्षं शाळेत, शेजारी, दवाखान्यात, कुणीही विचारलं की आपण हेच म्हणत आलोय ना? सवयीने जीभ वळली. आणि म्हटल्यावर माझंच वाक्य मला ऐकू आलं. गच्चीवरचे फोन. बंदराचं गाव. दहा नंबरची चप्पल. दहा नंबर, अक्का! आपल्याकडे कुणाचा पाय दहा नंबरचा होता? ज्याला लहानपणी टिल्लू म्हणायचे आणि जो दाराच्या चौकटीला डोकं आपटेपर्यंत वाढत गेला, त्याचा.

मी त्या बाईला म्हटलं, "थांबा. मला होता. म्हणजे आहे. आहे का?" मी तिलाच विचारलं! ती काय सांगणार? तिने पेन खाली ठेवलं.

ह्यांनी एक नंबर दिला होता. तिने टेबलावरच्या फोनवरून तो लावला आणि आवाज मोठा केला. घंटा वाजत राहिली. मला वाटलं, सरकारी नंबर बघून तो उचलणारच नाही. उचलला. तिने त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. पलीकडून कुणीच काही बोललं नाही. ती पुन्हा म्हणाली. पलीकडे गाड्यांचे आवाज, कुणाची तरी हाक, आणि त्याच्या श्वासाचा आवाज. मला एवढंच कळत होतं की तो नाही म्हणाला तर आम्ही आल्या विमानाने परत. आणि तो नाही म्हणाला तर मला चालेल का परत जायला, हेही कळत होतं.

मग एक घोगरा आवाज आला. एकच शब्द. माझ्या ओळखीचा नव्हता तो आवाज. बाईने माझ्याकडे वळून सांगितलं, "मी विचारलं, तुम्हाला बहीण आहे का. तो विचारतोय, कोणती?"

अक्का, "कोणती" म्हणाला तो. म्हणजे आपण दोघी त्याच्या हिशेबात अजून होतो.

तिने नाव विचारलं तर म्हणाला, "बेबी." आता पासपोर्टवर कुठे बेबी आहे? बाईच्या कपाळाला परत आठी. "तुमचं नाव तर वेगळं आहे." मी इतकी रडत होते आणि तरी मला राग आला. मी म्हटलं, "बाई, पन्नाशी उलटल्यावर मला बेबी म्हणणारी जगात दोनच माणसं आहेत, त्यातलं एक फोनवर आहे!" आणि फोनकडे वाकून आपल्या भाषेत ओरडले, "दादा, तुझ्या चपलांनी आमची अर्धी बॅग खाल्ली! आणि इथे एक माणूस त्यांचा वास घेतोय!"

पलीकडे तो हसला. ते हसणं मात्र ओळखीचं होतं. नाकातून सुरू होणारं, बाबांचं.

त्या बाईला भाषा कळली नाही, पण कळायचं ते कळलं असावं. तिने पेला भरून पाणी दिलं, थोड्या वेळाने शिक्का मारला आणि जाताना म्हणाली, "पुढच्या वेळी दोघांनी एकच उत्तर द्या."

बाहेर कठड्याला धरून तो उभा होता. वाकलाय थोडा. डोक्यावर एक केस नाही. आम्ही बराच वेळ आलो नाही तेव्हा त्याला वाटलं होतं, आम्ही बेत बदलला. निघालाच होता म्हणे, तेवढ्यात फोन वाजला. मी आधी त्याच्या दंडावर दोन रट्टे दिले, मग मिठी मारली. ह्यांनी नुसता हात धरला आणि सोडलाच नाही.

शोधला ह्यांनीच. शेजारची नवी जोडी इथे फिरायला आली होती, त्यांच्या फोटोत मागे बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा माणूस दिसला. ह्यांनी पाठमोरा ओळखला. माणसाला हाडांवरून ओळखतात ना हे. त्याला गाठलं, पण तो दोनदा ये म्हणाला आणि दोनदा नको म्हणाला. ऐन वेळी तो आला नाही तर मी मोडून पडेन म्हणून मला सांगितलं नाही. दारात मात्र खोटं बोलता आलं नाही. "गणवेश दिसला की जमत नाही," म्हणतात.

का गेलास, हे मी विचारलं. म्हणाला, "घाबरलो. दोन दिवसांनी परत येणार होतो. मग तोंड दाखवायची लाज वाटली, आणि प्रत्येक वर्षी ती वाढतच गेली." एवढंच. मला ते पुरलं का? माहीत नाही. बाबा गेल्याचं सांगितलं तेव्हा उठून बोटींकडे तोंड करून उभा राहिला.

आता तुझ्यासाठी अवघड गोष्ट. त्याने इथे लग्न केलंय. बायको तिकिटाच्या खिडकीवर बसते, मूलबाळ नाही, बरी आहे, मला तिचं बोलणं कळत नाही पण ती मला सारखं खायला वाढते. वन्संबद्दल त्याने आपणहून विचारलं. लग्न झालं नाही म्हटल्यावर पुढे जेवला नाही.

वन्संना काय सांगायचं, कसं सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्या घरात तू राहतेस.

बेबी


२ एप्रिल

बेबी,

पत्र पोचलं. फोटोही पोचला. भिंग लावून पाहिला. इतक्या वर्षांनी कुणी टकला उभा करून "हा तुझा भाऊ" म्हणेल तर मी का मान्य करू? पण कान बाबांचेच आहेत. तोच आहे मेला.

आठवडाभर मी फोटो शिवणाच्या डब्यात ठेवला होता. वन्संना सांगायचं या विचाराने माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला. मला वाटायचं, इतकी वर्षं त्यांनी तोंड मिटून ठेवलंय, ते उघडलं की माझ्यावरच येणार. त्याने तिकडे संसार थाटला, बायको केली, आणि ह्या इथे माझ्यासमोर बसून जेवतात. काय तोंडाने सांगू?

शेवटी रविवारी सकाळी सांगितलं. त्या खिडकीशी बसून नखं कापत होत्या. मी फोटो पुढे केला आणि सगळं एका दमात बोलून टाकलं, बायकोसकट. मध्ये थांबले असते तर पुढे गेलेच नसते.

त्यांनी फोटो घेतला नाही. मग म्हणाल्या, "जिवंत आहे?"

मी म्हटलं, "हो."

"नक्की?"

"बेबी त्याच्याबरोबर जेवली."

तर त्यांच्या हातातला नेलकटर खाली पडला. म्हणाल्या, "वहिनी, मला वाटायचं त्याने जीव दिला. माझ्याशी लग्न नको म्हणून. तुमचा भाऊ माझ्यापायी गेला, मग तुमच्याशी मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

बेबी, इतकी वर्षं आम्ही दोघी एका घरात, एका ताटावर, आणि मला वाटत होतं ती माझा हिशेब मांडतेय. ती बापडी स्वतःलाच फासावर चढवून बसली होती. एवढा संशय घेत आले मी जन्मभर. हा एक घ्यायचा राहिला.

मग त्यांनी फोटो उचलला. बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "टक्कल पडलं?"

"पार."

"मला बघायला आला होता तेव्हा सारखा कंगवा काढत होता खिशातून. मी चहा घेऊन आले तरी त्याचं लक्ष कपाटाच्या आरशात."

आणि हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता रडत होत्या की रडता रडता हसत होत्या, मला सांगता येणार नाही. मी जवळ जाऊन बसले एवढं खरं. मग त्या बोलायला लागल्या ते दुपारचं जेवण होईपर्यंत बोलतच होत्या. माझा एक कान बरा आहे, तोही दुखायला लागला.

मेहुण्यांना सांग, दाराबाहेर काढल्याचं मनात ठेवू नका. आणि दुसरी पँटही पाठवून द्या.

आता टिल्लूचं. तो मला फोन करू का विचारतोय असं तू फोटोच्या पाठीवर लिहिलंस. नको म्हणावं. तू मिठी मारलीस, तो तुझा स्वभाव. मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करेन असा शब्दही देत नाही. त्याने आधी वन्संना पत्र लिहावं. चांगलं लांबलचक, स्वतःच्या हाताने, बायकोला सांगून. माझी पाळी नंतर. घाई नाही. माझा राग कुठे पळून जात नाही. पळून जाणारा आपल्या घरात एकच निघाला.

अक्का